माशेलची वसरी: एका बैठकीच्या खोलीच्या नोंदी

८ जानेवारी २०२५

आज पहिल्यांदा टेप घेऊन गोव्यातल्या माशेलला गेले. मामाचं घर म्हणजे माझ्या आईचं माहेर, तिथे मोजमाप घ्यायला जायचं म्हणजे वेगळंच वाटतं. वसरी २२ फूट लांब, १३ फूट रुंद. आमच्याकडे बैठकीच्या खोलीला वसरीच म्हणतात, तिला कोणी हॉल म्हणत नाही.

मामाची मागणी एकच: "ह्या चवथीला माटोळी वर बांधायची." चवथ म्हणजे गणेशचतुर्थी, आणि माटोळी म्हणजे गणपतीच्या वर बांधतात ती फळा-पानांनी भरलेली लाकडी चौकट. २०११ साली थोरल्या मुलाच्या लग्नात वसरीला पीओपीचं छत झालं, खाली दोन बाय दोनच्या चकचकीत टाइल्स आल्या, भिंतींना प्लॅस्टिक पेंट लागला. तेव्हापासून चौदा वर्षं माटोळी लोखंडी स्टँडवर उभी राहते. मामीला जमीन पूर्वीसारखी लाल हवी आहे. बंगळूरला असलेल्या धाकट्याने मला फोनवर फोटो पाठवले आहेत: सोनेरी कॉर्निस, मखमली पडदे, झुंबर. त्याला 'क्लासिक' हवं आहे. तिघांचंही ऐकून घेतलं.

खोलीत दोन बैठका आहेत, आणि सगळं काम ह्याच गोष्टीवर ठरणार आहे. दारातून आत आलं की डाव्या हाताला भिंतीला लागून बांधीव सोपा, म्हणजे बसायचा कट्टा, ११ फूट लांब, १६ इंच उंच. उजव्या हाताला शिसवीचा संच: तिघांचा वेताचा सोफा, चार उंच पाठीच्या खुर्च्या, एक वोल्तेर (आरामखुर्ची), संगमरवरी पाटाचं टेबल, वर आरसा. हा संच आजोबांनी १९६२ साली मडगावच्या एका कुटुंबाकडून घेतला. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला आणि त्यानंतर काही घरं लिस्बनला निघून गेली, तेव्हा असं सामान विकायला आलं होतं. आजोबांच्या काळात सरकारी माणूस किंवा डॉक्टर आला की खुर्ची, भटजी, कुळं आणि सोयरे आले की सोपा. अंत्रुजातल्या, म्हणजे ह्या फोंडा भागातल्या, पुष्कळ घरांत हे असंच होतं. म्हणजे ह्या खोलीत 'पारंपरिक' आणि 'क्लासिक' दोन्ही आधीपासून समोरासमोर बसलेले आहेत. मला बाहेरून काही आणायचं नाही.

१५ जानेवारी

भिंती खालून तीन फुटांपर्यंत फुगल्या आहेत. रुपयाच्या नाण्याने खरवडलं तर पेंटचा पापुद्रा अख्खा हातात आला, मागे मिठासारखी पांढरी भुकटी. बोटाला लावून चाटली, खारट.

मामाला वाटत होतं रंग हलका निघाला. रंगाचा दोष नाही. भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिरा पाणी शोषतो आणि सोडतो, हा त्याचा स्वभाव. त्यावर चुन्याचा गिलावा असताना जमिनीतून चढलेली ओल भिंतीतून हळूहळू बाहेर पडून वाळत होती. २०११ मध्ये खालचा भाग सिमेंटने लिंपला, वर प्लॅस्टिक पेंट. आता ओलीला वाट नाही. ती वर चढते, क्षार घेऊन येते आणि पेंटच्या मागे साचते.

बाहेरून घराला फेरी मारली तेव्हा दुसरं कारण दिसलं. अंगणात पेव्हर बसवताना भरणी केली आहे, पश्चिमेच्या बाजूला अंगण जोत्याच्या वर सहा इंच आलं आहे. पागोळ्यांचं पाणी थेट भिंतीच्या अंगावर. पडदे आणि झुंबर राहू देत, आधी अंगण खाली जाणार. मामाला हे पटायला दोन कप चहा लागले. अंगण मोठ्या हौसेने केलेलं, त्यामुळे त्याला वाईट वाटणं साहजिक आहे.

२ फेब्रुवारी

पीओपी उतरवलं. सकाळी आठला सुरुवात, दुपारपर्यंत वसरीभर पांढरा धुरळा. वर मूळ वासे आणि फळ्यांची तक्तपोशी जशीच्या तशी. एका वाशाच्या टोकाला वाळवीने हातभर खाल्लं आहे, तेवढा तुकडा बदलायचा.

आणि कड्या! मधल्या दोन तुळयांना लोखंडी कड्या, आठ. पीओपीवाल्यांनी दोन कापल्या होत्या, सहा शाबूत आहेत. मामा शिडीवर चढून एक एक कडी हाताने ओढून बघत होता. सत्तरीच्या माणसाने चढू नये म्हणून मामी खालून ओरडत होती, पण तो उतरला नाही. "ही नारळाच्या पेणीची, ही केळ्यांची," असं त्याला प्रत्येक कडीचं पाठ होतं.

छत उघडं झाल्यावर खोली दोन फुटांनी उंच झाली. झुंबराचा प्रश्नही इथेच सुटला. घरात जुनी काचेची हंडी आहे, कपाटावर कागदात गुंडाळलेली. मधल्या तुळईला ती टांगायची, आत २७०० केल्विनचा पिवळसर बल्ब. हंडीच्या जोडीला झुंबर नको. ह्या उंचीच्या खोलीत एकच दिवा मध्यावर शोभतो, बाकी उजेड खालून, समईच्या उंचीवरून यायला हवा.

१९ फेब्रुवारी

सिमेंटचा गिलावा काढताना थांबत थांबत काम करावं लागतं, छिन्नी जोरात बसली तर चिऱ्याचा कपचा निघतो. वरच्या भागात जुना चुना टिकून आहे. तिथे एक तळहाताएवढी खिडकी करून मी ब्लेडने थर सोडवले. वरून खाली: प्लॅस्टिक पेंटचा मलईसारखा रंग, त्याखाली डिस्टेंपरचा गुलाबी, त्याखाली नीळ घातलेला फिकट आभाळी, त्याखाली पिवडी, आणि सगळ्यात तळाशी नुसता पांढरा चुना. पाच थर, नखाएवढ्या जाडीत.

मामी बराच वेळ त्या आभाळी पट्टीकडे बघत होती. "मी लग्न होऊन आले तेव्हा हा रंग होता. आणि खाली काव." काव म्हणजे तांबड्या मातीचा लेप. रंग ठरला. शेडकार्ड उघडायची गरज पडली नाही.

९ मार्च

चुनकळी विरवून आज तीन आठवडे झाले. परसात खड्डा करून त्यात ठेवली आहे, वर चार बोटं पाणी. मेस्त्री डिचोलीचे आहेत, वडिलांबरोबर देवळांची कामं केलेले. रोज येऊन काठीने ढवळतात आणि परत झाकतात. मी विचारलं, आता लावायचा का? "घाय करूं नाका, बाय." चुना नीट विरला नाही तर भिंतीवर गेल्यावर त्यातले कण फुगतात आणि गिलाव्याला फोड येतात. तेव्हा अजून आठ दिवस.

एक भाग चुना, तीन भाग वाळू. गुळाचं पाणी मेस्त्री आपल्या अंदाजाने घालतात, त्यात मी पडत नाही. दोन हातांत गिलावा, मधे किमान आठवडा. सिमेंट पाण्याने धरतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून परत दगड होतो, त्याला वेळ द्यावाच लागतो. घाईच्या कामात चुना नको, हे मी दर गिऱ्हाइकाला सांगते. पण चिऱ्याच्या घरात दुसरं काही टिकत नाही, हेही सांगते.

अंगणाची खोदाई झाली. भिंतीलगत फूटभर रुंद उघडं गटार, वर पेव्हर नाहीत, फक्त खडी.

३१ मार्च

कालच्या पाडव्याला काम बंद होतं, आज सोप्याच्या भिंतीचा निर्णय घ्यायला बसलो.

सोप्याच्या वर, जमिनीपासून सव्वाचार फुटांवर, भिंतीला तेलकट काळपट डागांची एक रांग आहे. प्लॅस्टिक पेंटमधूनसुद्धा वर आलेली. खोबरेल तेल लावलेली डोकी ऐंशी-नव्वद वर्षं भिंतीला टेकली त्याचे ते डाग. मामा प्रत्येकाचं नाव सांगतो. दाराजवळचा आजोबांचा, कारण तिथून फाटक दिसतं. मधला त्यांच्या भावाचा. खिडकीजवळचा भटजींचा. तेलावर चुना बसत नाही. कितीही हात मारले तरी तेल परत वर येतं, म्हणून तेवढा गिलावा कापूनच काढायला हवा.

मी विचारलं, आजीचा कुठला?

मामा गप्प झाला. मामी म्हणाली, "आईंचा कसा असेल? त्या वसरीत कधी बसल्या नाहीत. माजघरातून दाराआडून बोलायच्या."

मग मामीने कपाटातून क्रोशाचे रुमाल काढून आणले. पांढऱ्या दोऱ्याचे, कडेला कंगोरे, सहा नग. आजीने विणलेले, त्या शिसवी खुर्च्यांच्या पाठीवर घालायला, पाहुण्यांच्या डोक्याचं तेल लाकडाला लागू नये म्हणून. युरोपातल्या बैठकांमध्ये ह्याला अँटीमकॅसर म्हणत. मकॅसर नावाचं केसांचं तेल तिकडे फार चालायचं, त्यापासून खुर्ची वाचवणारं ते अँटीमकॅसर. म्हणजे समोरासमोरच्या दोन बैठका, एकच तेल. एकीकडे भिंत ते प्यायली, दुसरीकडे आजीचा रुमाल. ज्या खुर्च्यांवर ती कधी बसली नाही त्या तिने साठ वर्षांपूर्वी राखल्या, म्हणून आज मला त्यांच्या पाठी अशा स्वच्छ मिळाल्या आहेत. मला हे रुमाल हातात घेऊन बराच वेळ काही सुचलं नाही.

मापं ठरली. क्लासिक खोलीत भिंतीला तीन फुटांवर जी आडवी लाकडी पट्टी असते, ती खुर्चीची पाठ लागून गिलावा खरचटू नये म्हणून. आपल्या घरांतली कावेची पट्टी त्याच कामाची. तेव्हा लाकडी पट्टी नको, सोनेरी तर नकोच. तिन्ही भिंतींना तीन फुटांपर्यंत काव. सोप्याच्या मागे मात्र ती साडेचार फुटांपर्यंत चढेल, कारण तिथे पाठीबरोबर डोकंही टेकतं. दोन उंचींची पट्टी कागदावर थोडी विचित्र दिसते. धाकट्याने विचारलंच. मी म्हटलं, बसून बघ, मग बोलू.

७ एप्रिल

सोप्याच्या मागच्या पट्टीला वरून चार इंचांची कावी काम केलेली किनार. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर काव आणि चुना मिसळून पातळ थर द्यायचा, तो ओला आहे तोवर कंपास आणि टोकदार सळीने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. रंग भरायचा नाही, रंग काढायचा. गोव्यात आणि कर्नाटकाच्या किनारपट्टीवर देवळांच्या भिंतींवर ही कला आहे. कृष्णानंद कामतांनी तिचा मोठा अभ्यास केला. आमच्याकडे काम करणारा मुलगा कला महाविद्यालयात शिकलेला आहे, हात स्थिर. एका दिवसात त्याने चार फूट केले, कारण ओलावा असेपर्यंतच सळी चालते. पूर्ण भिंत भरून टाकावी असा मोह होतो. मी अडवलं. चार इंच पुरे.

१२ एप्रिल

वेताचं काम मडगावला गेलं होतं, आज पहिली खुर्ची परत आली. आधीच्या कोणीतरी प्लॅस्टिकची जाळी ठोकली होती. आता मूळ भोकांतून खरा वेत: आधी उभ्या दोऱ्या, मग आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या गुंतवून, आणि शेवटी दोन तिरप्या. तेव्हा ती अष्टकोनी जाळी तयार होते. कारागीर वेत पाण्यात भिजवून मऊ करतात आणि विणून झाल्यावर तो वाळताना ताणला जातो. पहिल्या दिवशी बसायचं नाही. बोटाने वाजवलं तर डफासारखा आवाज येतो.

शिसवीला फ्रेंच पॉलिश द्यावं का, ह्यावर मेस्त्रींचं आणि माझं जमलं नाही. लाखेच्या पॉलिशची चमक सुंदर, पण हवेत दमटपणा असला की ते पांढुरकं होतं. मला जवसाचं तेल आणि मेण हवं होतं. मामाला चमक हवी होती, त्यामुळे खुर्च्यांना पॉलिश, सोफ्याला तेल-मेण.

३० एप्रिल

अक्षय तृतीयेला जमिनीचा मुहूर्त. टाइल्स उचलल्या, खालचं जुनं काम मोडलेलंच होतं. लाल ऑक्साइड सिमेंटात दहाव्या हिश्शाच्या आसपास, कोरडंच तीनदा चाळून. रंग कमी-जास्त झाला तर जमिनीवर ढग दिसतात, म्हणून सगळं मिश्रण एकदमच करून पोत्यांत भरून ठेवलं. चार-चार फुटांचे चौकोन, मधे रेघ, कडेने सहा इंचांची काळी पट्टी. ओलं असताना मेस्त्री गुडघ्यावर बसून थापीने घोटतात, पुन्हा पुन्हा, चेहरा दिसेपर्यंत. नंतर दहा दिवस पाणी बांधून ठेवायचं.

मामी रोज संध्याकाळी उंबऱ्यावर बसून त्या पाण्यात बघते.

२६ मे

पाऊस आला. केरळात २४ मेला आणि दुसऱ्या दिवशी गोव्यात. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या हिशेबाने मी कामं लावली होती. त्याआधीपासूनच सरी चालू होत्या, त्यामुळे आठवडाभर काहीच वाळलं नाही.

नुकसान लिहून ठेवते. आभाळी चुन्याचे पाच पातळ हात द्यायचे होते, तीन झाले. तिसरा अजून हाताला लागतो. दोन खुर्च्यांच्या पाठींवर पॉलिश पांढुरकं झालं, नेमकं मी म्हणत होते तसं. आणि दारासमोरच्या चौकोनाला केसासारखा तडा. ती माझी चूक. त्या चौकोनावर सहाव्या दिवशी शिडी ठेवायला मी परवानगी दिली.

चांगलंही लिहिते. पश्चिमेची भिंत खालून कोरडी आहे. गटार वाहतंय, पाणी भिंतीपासून दूर जातंय. चार महिन्यांत ह्या एका गोष्टीचं मला सगळ्यात जास्त समाधान आहे.

७ जुलै

आज माशेलचा चिखलकालो. देवकीकृष्णाच्या मैदानावर सकाळपासून तेल लावलेली पोरं-माणसं चिखलात. दुपारी मामाची दोन नातवंडं आणि त्यांचे चार मित्र चिखलाने माखून थेट वसरीत. मी "अरे" म्हणेपर्यंत एक जण लाल जमिनीवरून घसरत सोप्यापर्यंत गेला आणि भिंतीला टेकून बसला.

मामीने बादली आणली. जमीन ओल्या फडक्याने दोनदा पुसली, खोबरेल तेलाचा हलका हात फिरवला, पहिल्यापेक्षा जास्त उठली. कावेवरचा चिखल वाळल्यावर हाताने झटकला गेला. पाठीचा एक अंधूक ठसा राहिला आहे. तो मी पुसायचा प्रयत्न केला नाही. धाकटा आला होता, तो त्या ठशाकडे आणि दोन उंचींच्या पट्टीकडे बघत होता. मग म्हणाला, "कळलं."

३ ऑगस्ट

मांडणी. खुर्च्यांच्या बाजूला पूर्ण समतोल ठेवला: आरसा आणि संगमरवरी टेबल मध्यावर, दोन्हीकडे दोन-दोन खुर्च्या, समोर सोफा. ह्या संचाला तीच शिस्त शोभते. सोप्यावर गाद्या आणि तीन लोड, तिथे मोजमाप नाही. मधे चार फूट मोकळी लाल जमीन. तिथे टीपॉय ठेवला नाही, गालिचा नाही.

मखमली पडदे रद्द. आमच्या पावसात मखमलीला महिन्याभरात बुरशी येते. कुणबी साडीचं लाल चौकड्याचं सुती कापड घेतलं. ते विणकाम फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सनी पुन्हा लोकांच्या नजरेत आणलं, म्हणून आज मिळतं तरी. कावेच्या शेजारी तो लाल छान बसतो.

खिडकीच्या एका झडपेला काचेऐवजी शिंपल्या आहेत, कार्पां म्हणतात त्या, जुन्या. त्यातून येणारा उजेड दुधासारखा असतो. चार फुटलेल्या. ह्या शिंपल्या झुआरी नदीत चिखलीच्या खाडीत सापडतात, पण आता त्यांना संरक्षण आहे आणि काढूही नयेत. पाडलेल्या घराच्या खिडकीतून दोन मिळाल्या. उरलेल्या दोन खाचा रिकाम्या ठेवून मागे तात्पुरता कागद लावला आहे.

तांब्याचं घंगाळ आणि समया भिरंडाच्या (कोकमाच्या) सोलांनी घासल्या. भिंतीवर फक्त आजोबांचा एक फोटो. आझुलेज, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या रंगवलेल्या टाइल्सचं चित्र आत नको म्हटलं. फाटकावर घराच्या नावाची एक निळी-पांढरी पाटी केली, ती तिथे सुंदर दिसते.

आजीच्या सहाही रुमालांना धुऊन खळ दिली. चार खुर्च्यांना चार, वोल्तेरला एक. सहावा मामीने स्वतःकडे ठेवला.

२६ ऑगस्ट

उद्या चवथ. दुपारपासून माटोळी. सहा जुन्या कड्या, दोन नव्या, लाकडी चौकट दोरखंडाने वर ओढली. नारळाची पेण, केळ्यांचा घड, ओल्या सुपारीचे घोस, तोरिंग, चिबूड, मग रानातलं: कांगलां, घागऱ्यो, नागुलकुडो. आंब्याच्या टाळ्यांनी कडा भरल्या. सगळा भार तुळयांवर. खाली एकही पाय नाही, त्यामुळे मखरासमोर बसायला पूर्ण जमीन मोकळी मिळाली. कांगल्यांचा लाल आभाळी भिंतीवर उमटून दिसत होता.

मामा शिडीखाली उभा राहून सांगत होता, पुतणे बांधत होते. संध्याकाळी सगळे थकून चहाला थांबले तेव्हा खुर्च्या भरल्या. मामी चहाचा ट्रे ठेवून जायला निघाली, मग वळली आणि सोप्यावर दाराजवळच्या टोकाला बसली, जिथून फाटक दिसतं. पाय वर घेतले. डोकं मागे टेकलं, कावेच्या पट्टीला. आज सकाळीच न्हाऊन तिने केसांना तेल लावलेलं.

उरलेलं काम: चुन्याचे दोन हात, दोन खुर्च्यांचं पॉलिश काढून तेल-मेण, दोन शिंपल्या, दारासमोरच्या तड्याला मेण. सगळं डिसेंबरात, हवा कोरडी झाल्यावर.